सिस्टर खाटेवर असते तेव्हा

रुग्णालयातून घरी निघालेल्या पेशंटला तिथल्या सेवेबद्दल विचारलं, तर उत्तरं बहुधा ठरलेली असतात. डॉक्टर चांगले होते, एक सिस्टर फार मायाळू होती, दुसरी जरा तोडून बोलायची, बिल मात्र अंगावर आलं. यात खोटं काही नसतं, पण सेवेचा दर्जा त्यावरून कळत नाही. आपल्याला काय मिळायला हवं होतं हे पेशंटला ठाऊकच नसतं, म्हणून जे मिळालं तेवढ्यावरच तो मत देतो. परिचारिका स्वतः आजारी पडून खाटेवर येते तेव्हा मात्र ही अडचण राहत नाही. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला पहिल्याच घासात फोडणी करपल्याचं कळावं, तसं तिला पहिल्याच पाळीत कळतं की इथे काय काय राहून जातंय. बरं होऊन परतलेल्या परिचारिका 'आपल्याच लोकांनी आपल्याकडे नीट पाहिलं नाही' असं खंतावून सांगतात, तेव्हा आपण ते दोनपैकी एका खात्यात टाकून मोकळे होतो. एक तर त्या खंतीला धंद्याची खोड म्हणतो, नाहीतर 'हल्लीच्या नर्सेस पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत' या सरसकट शेऱ्याला तिचा आधार देतो. हे दोन्ही मला चुकीचं वाटतं. या खंतीइतकी जाणकार आणि नेमकी माहिती रुग्णालयाला दुसरीकडून मिळत नाही, आणि ती नीट तपासली तर दोष परिचारिकेच्या स्वभावापेक्षा तिच्या पाळीच्या आखणीत सापडतो, हे मला इथे मांडायचं आहे.

खाटेवरच्या परिचारिकेला नेमकं काय दिसतं ते जवळून पाहू. हाताला सलाईनसाठी इन्ट्राकॅथ, म्हणजे शिरेतली नळी, लावलेली असते. आपल्यासारख्यांच्या लेखी थेंब पडतोय म्हणजे सगळं ठीक. तिला माहीत असतं की दर पाळीला ती जागा पाहायची असते: कातडी लाल झाली आहे का, हाताला गरम लागते का, शीर दोरीसारखी ताठ झाली आहे का, चिकटपट्टीखाली ओल आहे का, पट्टीवर तारीख घातली आहे का. इंजेक्शन देण्याआधी पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, औषध कशाचं ते सांगायचं, थोडं सलाईन सोडून नळी मोकळी असल्याची खात्री करायची. यातलं एकही केलं नाही तरी औषध शिरेत जातं आणि कागदावर सही पडते. उठता न येणाऱ्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, आणि ती बदलताना माकडहाड, टाचा, खुबे इथली कातडी उजेडात निरखायची असते. लाल दिसणारी जागा बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नसेल, तर बेडसोअरची ती पहिली खूण. श्वासाचा वेग घड्याळ धरून मोजायचा असतो. पण कित्येक वॉर्डांत चार्टवर ओळीने सगळ्या पेशंटांपुढे वीस-वीसच लिहिलेलं आढळतं. हा आकडा मोजलेला नाही हे खाटेवरच्या परिचारिकेला कुणी सांगावं लागत नाही. आपल्या छातीकडे मिनिटभर कुणी पाहिलंच नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक असतं. ऑपरेशननंतर दुखणं किती आहे हे विचारलं गेलं नाही, विचारल्यावर औषध यायला दीड तास लागला, आल्यावर गुण आला का हे पाहायला कुणी फिरकलं नाही, या तीन वेगवेगळ्या चुका आहेत हेही तिलाच कळतं. बाकीच्यांना तो नुसता 'त्रास' असतो.

परिचर्येच्या आधुनिक परंपरेतलं सर्वांत प्रसिद्ध पुस्तकच एका आजारी परिचारिकेने लिहिलेलं आहे, याची आठवण इथे द्यायला हवी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल मे १८५५ मध्ये क्रिमियात बालाक्लाव्हा इथे तापाने मरणाच्या दारात जाऊन आल्या. मायदेशी परतल्यावर १८५७ पासून त्यांचं दुखणं पुन्हापुन्हा उफाळत राहिलं, आणि पुढची अनेक वर्षं त्यांचं अफाट काम बहुतांशी खोलीतूनच, खाटेवर किंवा कोचावर पडून चाललं. 'नोट्स ऑन नर्सिंग' १८५९ च्या अखेरीस आलं ते याच काळात. घरी आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या साध्या स्त्रियांसाठी ते लिहिलेलं होतं. त्यात हवा, उजेड, अंथरूण, अन्न यांची प्रकरणं आहेतच, पण काही पानं अशी आहेत की ती आजारी माणसालाच सुचावीत. दाराबाहेर दबक्या आवाजात चाललेलं बोलणं पेशंटला मोठ्या आवाजापेक्षा जास्त छळतं. वाट पाहणं, अनिश्चितता आणि आता अचानक काय होईल ही धास्ती माणसाला श्रमांपेक्षा जास्त दमवते. भेटायला येणाऱ्यांनी दिलेला पोकळ धीर दिलासा न देता शीण वाढवतो. तीच भिंत दिवसेंदिवस पाहत पडणं हीसुद्धा एक यातना आहे. आणि या सगळ्याच्या बरोबरीने नाइटिंगेल यांनी एक पूर्ण प्रकरण कशाला दिलं, तर बारीकसारीक व्यवस्थेला. मी हजर असताना जे करते ते मी नसतानाही झालं पाहिजे, अशी आखणी जिला जमत नाही तिच्या चांगल्या सेवेचं सगळं फळ वाया जातं, असं त्यांचं सांगणं आहे. त्यांना सेवाभाव कमी महत्त्वाचा वाटत होता असं कुणी म्हणणार नाही. पण आजारपणाने त्यांना जे दिसलं त्याचं उत्तर त्यांनी मायेच्या उपदेशात शोधलं नाही, व्यवस्थेत शोधलं. आज आपण सिस्टर लोकांकडून नाइटिंगेल यांच्या नावाने त्यागाची अपेक्षा करतो आणि व्यवस्थेवरचं हे प्रकरण मात्र उघडत नाही.

राहून गेलेल्या कामांचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हायला फार काळ जावा लागला. २००६ साली अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक बिएट्रिस कॅलिश यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांचे गट बसवून त्यांना विचारलं की तुमच्या पाळीत नेहमी काय राहून जातं. नऊ गोष्टी पुढे आल्या: पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, आजाराची माहिती समजावून सांगणं, घरी जाण्याची तयारी करून घेणं, मनाला आधार देणं, अंगाची स्वच्छता, पोटात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याची नोंद, आणि नुसतं लक्ष ठेवणं. पुढे इंग्लंडमधल्या ४६ रुग्णालयांतल्या २,९१७ परिचारिकांना त्यांच्या शेवटच्या पाळीबद्दल विचारलं गेलं. वेळ नसल्याने निदान एक तरी आवश्यक काम राहिलं असं सांगणाऱ्या ८६ टक्के निघाल्या. सर्वांत जास्त राहिलेलं काम कोणतं, तर पेशंटशी बोलणं आणि त्याला धीर देणं, ६६ टक्के. त्याखालोखाल पेशंटला माहिती देणं, ५२ टक्के. आता ही यादी खाटेवरून परतलेल्या परिचारिकेच्या गाऱ्हाण्याशेजारी ठेवून पाहा. कुणी बोललं नाही, काय चाललंय ते सांगितलं नाही, उठून बसायला कुणी मदत केली नाही, घरी जाताना हातात कागद दिला आणि कसली काळजी घ्यायची ते सांगितलं नाही. खाटेवर पडलेली आणि खाटेशी उभी असलेली, दोघी तंतोतंत एकच सांगताहेत. म्हणून पहिलीचं गाऱ्हाणं दुसरीविरुद्धचा आरोप म्हणून ऐकणं मला पटत नाही.

बोलणंच सर्वांत आधी का गळतं, याचं कारण वॉर्डातल्या कामाच्या रीतीत आहे. जे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी राउंडला जाब विचारला जातो ते होतं: इंजेक्शनं, रक्ताचे नमुने, ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट, ऑपरेशनला पाठवायच्या पेशंटची तयारी. ज्याची नोंद कुठेच लागत नाही ते वेळ उरला तर होतं, आणि वेळ किती उरेल हे एकीच्या वाट्याला किती खाटा आल्या यावर ठरतं. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले सव्वादोन लाखांहून अधिक पेशंट अभ्यासून २००२ साली दाखवून दिलं की परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. त्याच अभ्यासात, एका पेशंटच्या वाढीबरोबर परिचारिका मनाने पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या पाहणीतही मृत्यूबाबत तोच ७ टक्क्यांचा आकडा आला. यावर सावध वाचक म्हणेल की अशा पाहण्या दोन गोष्टी बरोबरीने वाढल्याचं दाखवतात, एकीमुळे दुसरी झाली हे सिद्ध करत नाहीत. हे खरं आहे, आणि म्हणूनच नंतरच्या संशोधनाने मधला दुवा शोधला. खाटा वाढल्या की कामं राहतात, आणि कामं राहण्याचाच मृत्यूंशी संबंध दिसतो, असं चित्र त्यातून पुढे आलं. खाटेवरची परिचारिका हा दुवा रोज जवळून जाणत असते. त्यामुळे ती बरेचदा बेल दाबतच नाही. पलीकडच्या खोलीत कुणीतरी अत्यवस्थ असेल, दोघीच असतील, असा हिशोब ती मनाशी करते आणि दुखणं गिळते. ती फार मागण्या करते हा समज त्यामुळेच उलटा आहे. तिच्याइतका कमी मागणारा पेशंट शोधून सापडायचा नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण राहिलेलं काम आपल्या रुग्णालयांत दिसूनच येत नाही. ते नातेवाईक करतात. सलाईन संपत आलं की धावत जाऊन सांगणारा भाऊ, बेडपॅन देणारी सून, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपणारी आणि दर तासाला उठून अंगावरचं पांघरूण सारखं करणारी आई, यांच्यावर आपले वॉर्ड चालतात. उरलेलं वॉर्डातल्या मावशी आणि मामा सांभाळतात, आणि त्यांची संख्याही अपुरीच असते. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका असा आहे, शिवाय रजेसाठी ३० टक्के जास्तीच्या जागा. रात्रपाळीला चाळीस-पन्नास पेशंटांच्या वॉर्डात दोन सिस्टर, हे दृश्य ज्यांनी सरकारी रुग्णालय पाहिलंय त्यांना अनोळखी नाही. नातेवाइकांच्या या कष्टांना आपण माया म्हणतो, आणि ती माया असतेच. पण त्या मायेने दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली, त्या माणसाचा बुडालेला रोज. हातावर पोट असलेल्या घरात पेशंटमागे आणखी एक कमावता माणूस अडकून पडतो. दुसरी जास्त गंभीर. नातेवाईक बेडपॅन देऊ शकतो, पण श्वासाचा वेग हळूहळू वाढतोय, लघवी कमी होतेय, माणूस सकाळपेक्षा जरा गोंधळल्यासारखा बोलतोय, या तिन्हींचा मिळून अर्थ काय हे त्याला उमगत नाही. परिचारिका पेशंट झाली आणि सोबतीला कुणी नसेल, तर हे झाकण काढून घेतल्यावर सेवा कशी असते ते ती पाहते. आणि लहान खासगी रुग्णालयात ती आणखी एक गोष्ट ओळखते. युनिफॉर्ममधल्या प्रत्येकीला आपण सिस्टर म्हणतो, पण एएनएमची दोन वर्षं, जीएनएमची तीन किंवा बीएस्सीची चार वर्षं शिकून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झालेली कोण, आणि काही महिने काम पाहून हाताला वळण लागलेली मुलगी कोण, हे ड्रिपची गाठ सोडवण्याच्या पद्धतीवरूनही तिच्या लक्षात येतं. त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. तुटपुंज्या पगारावर तिला एकटीला रात्रपाळीला उभं करणारा मालक जबाबदार आहे.

'नर्स आणि डॉक्टर हे सर्वांत वाईट पेशंट' असं सर्रास म्हटलं जातं, आणि त्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. सगळी प्रक्रिया माहीत असणाऱ्याला प्रत्येक पायरीवर काय बिघडू शकतं हेही माहीत असतं, त्यामुळे भीती वाढते. वेदनेत असलेल्या माणसाची आठवण एकांगी होते. खाटेवरून फक्त आपली खाट दिसते. त्याच वेळी शेजारच्या वॉर्डात काय चाललं होतं हे दिसत नाही. म्हणून एका परिचारिकेच्या एका तक्रारीवरून कुणाला नोकरीवरून काढावं, असं मी म्हणणार नाही. पण अशा तक्रारी सरसकट बाजूला सारल्या की काय होतं, याचा दाखला इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयाने दिला आहे. २००५ ते २००९ च्या दरम्यान तिथे बेल वाजवून वाजवून पेशंट थकत होते, जेवणाचं ताट आणि पाणी हात पोचणार नाही अशा जागी ठेवलं जात होतं, ओल्या-घाण चादरींवर म्हातारी माणसं पडून राहत होती. रुग्णालय चालवणारा ट्रस्ट तेव्हा खर्च कमी करून वरचा दर्जा मिळवण्याच्या खटपटीत होता, आणि परिचारिकांच्या जागा त्यात कापल्या गेल्या होत्या. नातेवाइकांनी सांगितलं तेव्हा त्यांना दुःखाने अस्वस्थ झालेली माणसं ठरवलं गेलं. मृत्यूंचे आकडे वाढलेले दिसले तेव्हा नोंदीत चूक असेल असं म्हटलं गेलं. तिथल्या अपघात विभागातल्या हेलेन डॉनेली या परिचारिकेने वारंवार लेखी कळवलं, आणि तिला सहकाऱ्यांकडून दमदाटी सोसावी लागली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला तो २९० शिफारशी घेऊन. जाणकार माणूस सांगत होता आणि ऐकणारी यंत्रणा त्याच्या हेतूबद्दल शंका घेत होती, हा त्यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खाटा कितीही असोत, माणसाशी नीट बोलायला वेळ कुठे लागतो? इंग्लंडमधल्या केट ग्रेंजर या वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर कर्करोगाने आजारी होत्या. २०१३ साली रुग्णालयात दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं की खाटेपाशी येणारे बहुतेक जण स्वतःचं नावही सांगत नाहीत. 'नमस्कार, माझं नाव अमुक' एवढं म्हणा, अशी मोहीम त्यांनी सुरू केली, आणि २०१६ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ती अनेक देशांत पोचली होती. नाव सांगायला दोन सेकंद लागतात. प्रसूतिगृहात कळा देणाऱ्या बाईवर खेकसू नये, पडदा ओढून मगच तपासावं, ऐंशी वर्षांच्या माणसाला 'ए बाबा' म्हणू नये, यासाठीही जास्तीची पदं भरावी लागत नाहीत. हे मला मान्य आहे, आणि अपुऱ्या संख्येचं कारण पुढे करून कुणाला तुसडेपणाची मुभा मिळू नये असंही मला वाटतं. पण दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. सौजन्य आजपासून मागता येतं. दोन तासांनी कूस बदलणं मागता येत नाही. वॉर्डात आठ पेशंट अंथरुणाला खिळलेले असतील आणि एकाची कूस नीट बदलायला दोघींना पाच मिनिटं लागत असतील, तर दर दोन तासांतली चाळीस मिनिटं दोघींची यातच जातात. दोघीच पाळीला असतील तर तेवढा वेळ बाकी सगळा वॉर्ड वाऱ्यावर. शिवाय तोडून बोलण्याची सवयही कुठून तरी लागते. नवीन मुलगी एका खाटेपाशी मन लावून थांबली की सहाव्या खाटेचं इंजेक्शन हुकतं, आणि त्याबद्दल बोलणी तिलाच खावी लागतात. काही महिन्यांत ती न थांबायला शिकते, आणि न थांबता बोललेलं वाक्य तुटकच असतं. एकन यांच्या अभ्यासातल्या त्या २३ टक्क्यांचा वॉर्डातला उच्चार हा असा ऐकू येतो.

माया असली की सगळं जमतं या मताला मुंबईतलं एक उदाहरण हमखास दिलं जातं. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, त्याच रुग्णालयात चौथ्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत खाटेवर होत्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. त्यांना तिथून हलवण्याचा महापालिकेचा प्रयत्न परिचारिकांनी आंदोलन करून हाणून पाडला. मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला आणि इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही याची दखल घेतली. परिचर्या म्हणजे काय याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. पण ते नीट पाहायला हवं. अरुणा त्यांच्यातल्याच होत्या, त्यांच्यावर काय ओढवलं हे प्रत्येक नव्या मुलीला माहीत होतं, आणि कितीही धावपळीची पाळी असली तरी त्या खोलीतलं काम राहू द्यायचं नाही हा न लिहिलेला नियम होता. म्हणजे मायेने तिथे व्यवस्था उभी केली होती: पाळी कुणाचीही असो, काम ठरलेलं. नाइटिंगेल यांच्या त्या प्रकरणात याहून वेगळं काय सांगितलंय? एका पेशंटसाठी अख्खं रुग्णालय जे करू शकलं ते चाळीस पेशंटांसाठी दोघींनी करावं असं म्हणणं हा त्या परिचारिकांच्या कर्तृत्वाचा गैरवापर आहे. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या रुग्णालयात आपली ओळख न सांगता दाखल झालेल्या परिचारिकेला तो नियम लागू नसतो, आणि आपली रुग्णालयं खरोखर कशी चालतात हे तिचाच अनुभव सांगतो.

मग पैशांचा मुद्दा येतो. परिचारिका वाढवायच्या तर खर्च वाढणार, आणि आपला देश काही श्रीमंत नाही. याचं एक उत्तर ऑस्ट्रेलियातून मिळतं. क्वीन्सलँड राज्याने जुलै २०१६ पासून २७ सरकारी रुग्णालयांत दिवसा सरासरी चार आणि रात्री सात पेशंटांमागे एक परिचारिका असा दंडक घातला. २०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण घटलं, मुक्काम कमी झाला, आणि त्यातून वाचलेला पैसा जास्तीच्या परिचारिकांवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. कॅलिफोर्नियात असा कायदा १९९९ साली झाला आणि २००४ पासून अमलात आला; तो करतानाही रुग्णालयं बंद पडतील अशी भीती घातली गेली होती. तिथले पगार आणि तिथली हिशोबाची रीत आपल्याकडे जशीच्या तशी लावता येणार नाही, हे उघड आहे. पण बेडसोअर चिघळला की महिनाभर वाढलेला मुक्काम, शिरेत पू झाल्यावर लागणारी महागडी प्रतिजैविकं, पंधरा दिवसांत परत दाखल होणारा मधुमेही, हे खर्च आपल्याकडेही आहेत. ते कुणीच मोजत नाही आणि बरेचसे पेशंटच्या खिशातून जातात, म्हणून ते नसल्यासारखे वाटतात. आपण मात्र उलट्या दिशेने चाललो आहोत. महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकांनी मे २०२२ मध्ये काम बंद केलं ते बाहेरच्या कंपनीमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध. तेव्हा पेशंटांच्या हालांच्या बातम्या ठळक आल्या. पण कंत्राट संपलं की जाणारी परिचारिका वॉर्डाची रीत अंगी बाणवण्याआधीच निघून जाते, आणि पुढच्या पाळीला काय सांगून जायचं हे तिला शिकवायला जुनी कुणी उरत नाही, हा त्या मागणीतला पेशंटच्या हिताचा भाग फारसा कुणी समजावून सांगितला नाही.

परिचारिका पेशंट होते तेव्हाची माहिती वापरायची कशी, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. स्वतःच्याच रुग्णालयात दाखल झालेली सिस्टर बहुधा फार चांगली सांभाळली जाते. इन्चार्ज स्वतः येऊन जाते, खोली मिळते, डबा येतो. त्या अनुभवातून रुग्णालयाला काही शिकता येत नाही. खरी माहिती अनोळखी ठिकाणी दाखल झालेलीकडे असते, आणि ती आज गप्पांतच विरून जाते. डॉक्टर पेशंट झाले की त्यांची पुस्तकं येतात. न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी पायाच्या गंभीर दुखापतीने खाटेवर पडल्याच्या अनुभवावर १९८४ साली पुस्तक लिहिलं, आणि डॉक्टर एड रोझेनबॉम यांच्या आजारपणाच्या पुस्तकावरून १९९१ मध्ये हॉलिवूडचा चित्रपटही निघाला. परिचारिकांचे असे अनुभव विचारले तरी जायला हवेत. घरी जाताना भरायच्या फॉर्मवर 'सेवा कशी होती' यापुढे तारे रंगवायला लावण्याऐवजी, पेशंट आरोग्यक्षेत्रातला असेल तर त्याला थेट विचारावं: सलाईनची जागा दर पाळीला कुणी पाहिली का, श्वास मोजला का, बेल दाबल्यापासून किती वेळाने कुणी आलं, पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती सोपवण्याचा ओव्हर तुमच्या खाटेपाशी झाला का, घरी घ्यायच्या काळजीबद्दल किती मिनिटं बोलणं झालं. या उत्तरांचा उपयोग त्या रात्रीच्या सिस्टरला मेमो द्यायला होईल अशी भीती संघटनांना वाटेल, आणि आजवरचा अनुभव पाहता ती भीती रास्त आहे. म्हणून एक अट मला आवश्यक वाटते. असा प्रत्येक फॉर्म मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षकांपुढे जाताना त्याला त्या पाळीचा ड्युटीचा तक्ता जोडलेला असावा: वॉर्डात त्या रात्री पेशंट किती होते, त्यातले अंथरुणाला खिळलेले किती, नोंदणीकृत परिचारिका किती होत्या, आणि मंजूर पदांपैकी रिकामी किती.